मैदानावरचे पाणी आणि मक्त्याचा पैसा

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मी रजा काढून तीन आठवडे ओमानला जाऊन आलो. मस्कत शहराच्या दार्सैत भागात माझा एक जुना मित्र राहतो. पुण्यात शिकत असताना आम्ही दोघे एकाच खोलीत राहत होतो. पुढे तो आखातात नोकरीला गेला आणि मी आपल्या बेटावर परत येऊन हातात खडू धरला. दार्सैत म्हणजे तपकिरी, उघड्याबोडक्या टेकड्यांच्या कुशीतली वस्ती. शेजारी रुवीची बाजारपेठ, वस्तीत कृष्णाचे मंदिर, भारतीय मुलांची शाळा. संध्याकाळी फिरायला निघालो की मल्याळी, गुजराती, तमिळ आणि मधूनच आपली मराठी कानांवर पडते. आपले पणजोबा जहाजातून ऊस तोडायला आले. हे लोक विमानाने, करारपत्र खिशात घालून आले. तरी घराच्या आठवणीने डोळे भरून येतात ते सारखेच.

त्या वस्तीत एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली. काही घरांच्या आणि मशिदींच्या भिंतीला बाहेरून थंड पाण्याचे यंत्र बसवलेले असते. वाटसरूने तोटी सोडावी, पाणी प्यावे, चालू लागावे. कोणी नाव विचारत नाही, पैसा मागत नाही. आपल्या मूळ गावाकडे चैत्र-वैशाखात रांजण भरून पाणपोई घालतात, तोच हा धर्म. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी ही तोटी लक्षात ठेवा.

गुरुवार, २४ ऑक्टोबर. मित्र कामावर गेला होता. वहिनी एका हॉटेलच्या खाद्यविभागात काम करतात. त्यांची पाळी दुपारची होती. मित्राचे वडील पुण्याहून आले होते. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी सकाळी आठ वाजताच टीव्ही लावला, कारण पुण्याजवळ गहुंजे येथे भारत-न्यूझीलंड कसोटी सुरू होत होती आणि ओमानचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते. काकांना क्रिकेटचे वेड जुने. केनियाने वेस्ट इंडिजला हरवले तो १९९६ चा सामना त्यांनी पुण्याच्या नेहरू स्टेडियममध्ये बसून पाहिलेला. "तेव्हा आम्ही डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचो," हे वाक्य त्यांनी त्या सकाळी तीनदा तरी ऐकवले. उपाहारापर्यंत अश्विनने दोन बळी घेतले, नंतर वॉशिंग्टन सुंदरने सात घेतले, आणि काका खुर्चीत लहान मुलासारखे उड्या मारत होते. (तिसऱ्या दिवशी भारत ११३ धावांनी हरला. मग तेच काका दोन तास कोणाशी बोलले नाहीत.)

दुपारी त्यांनी बातमी वाचून दाखवली. गहुंजेच्या मैदानावर उपाहाराच्या सुटीत प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळाले नव्हते. वर्तमानपत्रांच्या अंदाजाप्रमाणे १८ हजारांच्या आसपास लोक आले होते. बहुतेक गॅलऱ्यांवर छप्पर नाही, ऑक्टोबरचे ऊन, आणि पाण्याच्या ठिकाणी गेले तर टाक्या रिकाम्या. लोकांनी घोषणा दिल्या, रेटारेटी झाली, शेवटी बाटल्या फुकट वाटण्यात आल्या. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या सचिवांनी माफी मागितली. या वेळी थंड पाणी मोफत द्यायचे ठरवले होते, पण सुटीत एकदम गर्दी उसळली, काही ठिकाणचे पाणी संपले आणि पुन्हा भरायला वेळ लागला, असा त्यांचा खुलासा होता.

मला या खुलाशात लबाडी दिसत नाही. माफी मागितली हेही चांगले झाले. परंतु सुटीत गर्दी उसळली हे कारण कसे होऊ शकते? कसोटीत उपाहाराची सुटी चाळीस मिनिटांची असते, ती केव्हा होणार हे आदल्या दिवशी माहीत असते आणि किती तिकिटे विकली तेही माहीत असते. आमच्या शाळेची घंटा वाजली की चारशे मुले नळाकडे धावतात. म्हणून शाळेत एकच नळ ठेवला आणि मग म्हटले की मुले धावली, तर पालक मला काय म्हणतील?

"पूर्वी डबा नेता येत होता," काका पुन्हा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. आज मोठ्या मैदानाच्या दारावर पिशवी तपासतात. बाटली काढून घेतात, डबाही काढून घेतात. यामागे कारण आहे, उगीच नाही. १९९६ च्या विश्वचषकात कलकत्त्याला श्रीलंकेविरुद्ध भारत हरू लागला तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, बैठकांना आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला द्यावा लागला. बाटलीला बंदी केली तर मी तक्रार करणार नाही. मात्र ज्याने माझी बाटली दारात काढून घेतली, त्याने त्याच क्षणी माझ्या तहानेची जबाबदारी घेतली. आत गेल्यावर दार बंद. बाहेर जावे तर पुन्हा आत घेत नाहीत. असा माणूस गिऱ्हाईक राहत नाही, तो पाहुणा होतो, नाही तर कैदी होतो. दोघांनाही पाणी द्यावेच लागते.

हीच गोष्ट भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपटगृहांच्या निमित्ताने आली होती. ३ जानेवारी २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू न देण्याचा चित्रपटगृहाच्या मालकाला हक्क आहे. पण पिण्याचे शुद्ध पाणी फुकट मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलाचे खाणे आईबापांना आणता आले पाहिजे. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलबीचा दाखला दिला: एखादा जिलबी खाऊन चिकट बोटे खुर्चीला पुसू लागला तर साफसफाईचा खर्च कोणी करायचा? मालकाची बाजूही खरी आहे. परंतु चित्रपटगृहात तीन तास थंड हवेत बसायचे असते. मैदानात सात तास उन्हात. चित्रपटगृहाला जो नियम लागू, तो मैदानाला दुप्पट लागू झाला पाहिजे. उन्हाची मस्करी होत नाही हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर पाहिले. तेथे सामना नव्हता, पुरस्काराचा सोहळा होता. उष्माघाताने १४ माणसे गेली.

मुंबईचे वानखेडे स्टेडियम उभे राहिले ते ब्रेबोर्नच्या मालकांशी तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून. तिकिटांसाठी भांडून माणसांनी अख्खे स्टेडियम बांधले. पाण्यासाठी भांडून कोणी एक हौद बांधल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता दार्सैतची हकीकत सांगतो, कारण मी बोध घेतला तो तिथल्या एका धुळीच्या मैदानावर. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे तिथली सुटी. मित्राच्या ओळखीच्या भारतीय मंडळींनी टेनिस चेंडूच्या क्रिकेटची स्पर्धा ठेवली होती. मोठी मैदाने मस्कतमध्ये आहेतच. बौशरला सुलतान काबूस क्रीडासंकुल आहे, आणि डोंगरापलीकडे आमेरातला क्रिकेटचे हिरवेगार मैदान आहे, जिथे २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे पहिले सामने झाले. आमची स्पर्धा अशी नव्हती. टेकडीच्या पायथ्याचे मोकळे पटांगण, गवताचे पान नाही, सीमारेषा चुन्याची. आठ संघ, बायकामुले धरून दीडशे-दोनशे माणूस. खाण्यापिण्याची व्यवस्था वहिनींकडे होती.

मला वाटले, चार बायका घरून पोहे-वडे करून आणतील. तसे नव्हते. "घरी करून विकायला परवाना लागतो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आणि परवाना नसता तरी मी नसते केले. दोनशे माणसांचे रांधायला घरातले ओटे पुरत नाहीत." त्यांनी परवाना असलेल्या एका उपाहारगृहाला काम दिले होते. तिघांनी दर पाठवले होते. त्यातला एक मंडळाच्या निधीला चांगली देणगीही द्यायला तयार होता. वहिनींनी त्याला घेतले नाही. ज्याने यादी कमी करायला होकार दिला त्याला घेतले. इडली, सांबार, जागेवर तळलेला बटाटेवडा, लसणाची कोरडी चटणी, केळी आणि बर्फाच्या पेटीत ताक. एवढेच. ओल्या नारळाची चटणी नाही, अंड्याचे काही नाही, कापलेले कलिंगड नाही. पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या वेगळ्या, त्यांच्याजवळ कागदी पेले, आणि पाण्याला पैसे नाहीत. हात धुवायला तिसरी टाकी आणि साबण. शिवाय एक वही.

वहीत काय होते? कोणते भांडे किती वाजता आले, आले तेव्हा किती गरम होते, किती वाजता टाकून द्यायचे. उष्णता मोजायला लोखंडी सुईचा तापमापक. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे, थंड अन्न ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. या दोन आकड्यांच्या मधली हवा जंतूंना मानवते. मस्कतच्या ऑक्टोबरात सावलीतच ३५ अंशांपर्यंत पारा जातो, म्हणजे जंतूंचे माहेरच.

साडेनऊला उपाहारगृहाची गाडी आली. इडलीचे भांडे ६४ अंश. सांबाराच्या पातेल्यात वहिनींनी सुई घातली आणि ५१ आले. पुन्हा ढवळून घातली, ५१. त्यांनी पातेले परत पाठवले.

तुम्ही तिथे असायला हवे होते. चार संघांचा खेळ आटोपलेला, माणसे भुकेने कावलेली, आणि सांबाराचा वास सुटलेला. गाडीवाला म्हणत होता की वाटेत वाहने अडली होती, उकळून देतो. स्पर्धेचे प्रमुख जवळ येऊन म्हणाले, "अहो, आठ-नऊ अंशांनी काय होणार आहे?" वहिनी म्हणाल्या, "बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणूनच माणसाला सवय लागते. ज्या दिवशी होते, त्या दिवशी मोजायला कोणी नसते." पातेले गेले. आम्ही इडली कोरड्या चटणीशी खाल्ली. दोघातिघांनी तोंडे वाकडी केली, एकाने तर ऐकू जाईल असे काहीतरी पुटपुटले. मला मात्र ती इडली घशाखाली उतरेना. का, ते त्या रात्री गच्चीवर मी वहिनींना सांगितले. आजपर्यंत शाळेबाहेर कोणाला सांगितले नव्हते. आता तुम्हाला सांगतो.

२०१८ साली आमच्या विभागातल्या काही शाळांच्या मुलांच्या धावण्याच्या शर्यती होत्या. मैदान कोणते, ते सांगत नाही. त्या मैदानाचा दोष नव्हता. खाण्याच्या टेबलाचा मक्ता कोणाला द्यायचा हे माझ्याकडे होते. शाळेच्या निधीत पैसे नव्हते, मुलांना धावायचे बूट घ्यायचे होते. दोन जण आले. एक म्हातारी बाई, दालपुरी आणि गातो पिमाँ जागेवर करून देणारी; ती निधीला तीन हजार रुपये देणार होती. दुसरा तरुण माणूस, स्वच्छ कपड्यांतला, कोंबडी आणि मेयोनेझ भरलेले पाव आणणारा. तो आठ हजार देणार होता. मी आठ हजार घेतले. त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पाव केव्हा भरणार, कशात ठेवणार, बर्फ आहे का, किती जणांचे हात लागणार, काही नाही. पाच हजार रुपये जास्त मिळाले याचाच आनंद होता, आणि त्या सकाळी मुख्याध्यापकांनी माझी पाठही थोपटली.

पाव पहाटे भरले होते. पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ते एका टेबलाखाली ठेवले होते. मुलांनी ते साडेबाराला खाल्ले. तीनच्या सुमारास, रिलेच्या शर्यतीच्या आधी, माझ्याच वर्गातली एक मुलगी गवतावर बसली आणि ओकू लागली. मला वाटले ऊन लागले. मग दुसरा, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत अकरा मुले. दहा जण त्याच रात्री बरी होऊन घरी गेली. ती मुलगी अंगाने बारीक होती. तिला दोन रात्री रुग्णालयात ठेवून हातातून सलाइन द्यावे लागले. तिची आजी खाटेजवळ बसून होती. मला पाहून ती उठली आणि मला बसायला तिने खुर्ची दिली. गुरुजी आले म्हणून. मी काय सांगणार होतो तिला?

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या, म्हणजे बहुधा माणसाच्या हातावरचा किंवा नाकातला जंतू. बोटाला लहानशी जखम असली तरी पुरते. तो अन्नात वाढतो आणि विष सोडतो. नंतर ते अन्न उकळले तरी जंतू मरतो, विष मरत नाही." म्हणून सकाळी त्या गाडीवाल्याला सांबार पुन्हा उकळू दिले नव्हते. पातेले वाटेत किती वेळ कोमट होते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेल्या वेळेवर त्या दोनशे माणसांना जेवायला घालायला तयार नव्हत्या.

मैदानावरचे अन्न हॉटेलातल्या अन्नाहून जास्त धोक्याचे का, तेही मला त्यांच्याकडूनच कळले. हॉटेलात माणसे दिवसभर थोडी थोडी येतात. मैदानावर सगळी एकदम येतात आणि एकदम जातात. फुटबॉलच्या मध्यंतराला पंधरा मिनिटे असतात. त्या पंधरा मिनिटांत हजारो हात पुढे येणार हे मक्तेदाराला माहीत असते, म्हणून तो आधीच करून ढीग लावून ठेवतो. ढीग जितका आधीचा तितका त्याचा धंदा सोपा आणि आपला घास वाईट. काम करायला माणसे एका दिवसापुरती आणलेली. त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि आजारी असले तरी रोजंदारी बुडेल म्हणून ती येतात. पैसे घेणारा आणि पाव देणारा हात तोच. टपरी तात्पुरती, तिला नळ नसतो. आणि माणूस आजारी पडतो तो घरी गेल्यावर, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. तोवर मैदान रिकामे झालेले असते. कोण कोणाला विचारणार? हॉटेलाचे अन्न बाधले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, ही मालकाला भीती असते. मैदानाला ती नाही. लोक सामन्यासाठी येतात, पावासाठी नाही.

हे गरीब देशांतच घडते असे समजू नका. अमेरिकेत ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०१६ आणि २०१७ या वर्षांचे सरकारी तपासणीचे अहवाल जमवून उत्तर अमेरिकेतल्या १११ व्यावसायिक मैदानांचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली छापला. सुमारे २८ टक्के मैदानांत निम्म्या किंवा त्याहून जास्त खाद्यविक्रीच्या ठिकाणी गंभीर दोष सापडले होते. आणि ही मैदाने कशी, तर एका चहाच्या पैशात आपल्याकडे चौघांचे जेवण होईल अशी. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. ते अहवाल कोणालाही मागता येतात, म्हणून तो अभ्यास झाला. आपल्याकडे आरोग्य निरीक्षक टपरी तपासून गेला तर त्याने काय पाहिले हे खाणाऱ्याला कळत नाही. तपासणीचा कागद टपरीवर चिकटवायला किती खर्च येतो?

आता मक्त्याकडे येतो. मक्ता द्यायला माझा विरोध नाही. क्रीडासंघाने स्वतः वडे तळावेत असे मी म्हणत नाही. पण बहुतेक ठिकाणी मक्ता कसा दिला जातो? जो जास्त रक्कम देईल त्याला. मी २०१८ साली केले तेच, फक्त शून्ये जास्त. मक्तेदार ती रक्कम कोठून काढणार? भाव वाढवून काढणार, नाही तर बर्फात, माणसांत, तेलात काटकसर करून काढणार. म्हणजे आयोजकाच्या पेटीत पडलेला जास्तीचा रुपया प्रेक्षकाच्या खिशातून नाही तर पोटातून आलेला असतो. आणि काही बिघडले की आयोजक मक्तेदाराकडे बोट दाखवतो, मक्तेदार त्याच्या पोटमक्तेदाराकडे, तो रोजंदारीच्या पोराकडे. तिकिटावर मात्र नाव आयोजकाचे असते.

भाव कमी ठेवले तर खर्च भागत नाही, असे आपल्या मंडळांच्या बैठकीत ऐकू येते. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २०१७ साली नवे स्टेडियम उघडले. तिथल्या मालकाने खाद्यपदार्थांचे भाव ठरवण्याचा अधिकार मक्तेदाराला न देता आपल्याकडे ठेवला आणि जुन्या स्टेडियमच्या मानाने भाव निम्म्यावर आणले. पहिल्याच हंगामात दर माणशी खाण्यापिण्यावरचा खर्च १६ टक्क्यांनी वाढला. लोक लवकर येऊ लागले, जास्त वेळा घेऊ लागले. तो मालक काही संत नाही, मोठा व्यापारी आहे. व्यापाऱ्याला जे परवडते ते आमच्या क्रीडासमित्यांना का परवडू नये, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

आणि आपल्याला दुसऱ्या देशात तरी कशाला जायला हवे? महाशिवरात्रीला आपल्या बेटावरचे लाखो लोक पायी गंगा तलावाला जातात. वाटेवर किती ठिकाणी पाणी, सरबत, फळे, गरम चहा हातात देतात! देणाऱ्याची जात, भाषा, धर्म कोणी पाहत नाही. पंढरीच्या वाटेवर गावेच्या गावे वारकऱ्यांना जेवू घालतात. ज्या समाजाला रस्त्यावरून चालत जाणाऱ्या अनोळखी माणसाला फुकट पाणी देण्यात पुण्य वाटते, त्याच समाजातली माणसे मैदानाच्या समितीवर बसली की पाण्याच्या बाटलीवर नफा काढतात. त्याच माणसांनी असे का करावे? मला वाटते, वाटेवर आपण यजमान असतो आणि समितीत हिशेबनीस होतो. (तेवढ्यासाठी वाटेवरच्या वाटपाचाही वेळ आणि तापमान कोणीतरी पाहावे, हे मी जाता जाता म्हणतो. श्रद्धेने दिलेला भातही चार तास उन्हात राहिला तर बिघडतो. भाविक रागावतील, रागावोत.)

आपल्याकडे अन्न हाताळणाऱ्याला आरोग्य खात्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि तो नियम चांगला आहे. त्या पाववाल्याकडेही दाखला असेल. मी विचारले नाही. दाखला माणसाचा असतो; त्या दिवशीच्या खोक्याचा नसतो. खोके पाहायला तिथे कोणीतरी उभे राहावे लागते. तो कोणीतरी म्हणजे मैदानाचे दार ज्याच्या ताब्यात आहे तो. शाळेच्या शर्यतीत तो शिक्षक आहे, मंडळाच्या सामन्यात मंडळाचा चिटणीस, मोठ्या स्टेडियममध्ये क्रीडासंघ. मक्ता दिल्याने हे काम सरत नाही, उलट वाढते.

परत आल्यावर मी आमच्या क्रीडासमितीपुढे एक कागद ठेवला. पाणी फुकट, टाक्या किती ते मुलांच्या संख्येवरून आधी मोजून. पदार्थ चार, पाचवा नाही. निधीला देणगी घेऊन मक्ता द्यायचा नाही. बुटांसाठी पैसे हवेत तर पालकांकडे उघडपणे मागू. भाव समितीने ठरवायचे. वही आणि तापमापक शिक्षकाकडे, आणि पातेले परत पाठवण्याचा अधिकार त्याला, मध्ये कोणाला विचारायचे नाही. हा शेवटचा मुद्दा काहींना पटला नाही. एक सहकारी म्हणाले, "तुम्ही पातेले परत पाठवाल आणि चारशे मुले उपाशी राहतील, तेव्हा पालकांना तोंड कोण देणार?" प्रश्न खोटा नाही. मी म्हटले, केळी जास्त आणू. बैठकीत हशा झाला. पण कागद फेटाळला नाही, पुढच्या बैठकीवर ढकलला. आपल्या समित्यांमध्ये हाही एक निकालच असतो.

ती मुलगी आता मोठी झाली. ती अजून धावते. गेल्या स्पर्धेत मी तिला तिच्या शाळेच्या तंबूत पाहिले. कमरेला स्वतःची पाण्याची बाटली आणि रुमालात बांधलेला घरचा फराता. मी विचारले, "इथले काही घेतले नाहीस का?" ती म्हणाली, "नाही गुरुजी, आजी देत नाही."

निघताना वहिनींनी मला तो लोखंडी सुईचा तापमापक दिला होता. तो माझ्या टेबलाच्या खणात, हजेरीपटाशेजारी आहे. पुढची बैठक महिनाअखेरीला आहे.